एक राशी, एक टाइप

कर्नलचे इंटरफेस लिहिण्यात, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी लिहिलेले तपासण्यात बरीच वर्षं गेली की पॅच वाचायचा क्रम आपोआप बदलतो. नवा माणूस आधी फंक्शन वाचतो: लॉक कुठे घेतलं, मेमरी कुठे सोडली, मध्येच काही चुकलं तर बाहेर कसं पडायचं. जुना माणूस आधी हेडर फाइल उघडतो आणि युजर प्रोग्रॅमला दिसणारा स्ट्रक्ट शोधतो. फंक्शनमधली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. स्ट्रक्टमधल्या फील्डला इंट लिहिलं की लाँग, हे मात्र एकदा रिलीज झालं की कायमचं. कर्नल बदलल्यामुळे चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये हा लिनक्समध्ये नियमच आहे, त्यामुळे घाईत निवडलेला टाइप पुढच्या पिढीच्या माथी बसतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. सर्वसाधारण समजूत अशी असते की जुन्या मंडळींनी लहान टाइप निवडले, बिट कमी पडले आणि म्हणून त्रास झाला. सुरुवातीलाच मोठे टाइप घेतले असते तर काही बिघडलं नसतं. मला वाटतं, बिट कमी पडणं हा त्या त्रासाचा छोटा हिस्सा आहे. मोठा हिस्सा वेगळाच आहे. फाइलची लांबी, वेळ, बफरचा आकार अशी एखादी राशी सिस्टममधून प्रवास करते, आणि प्रत्येक मुक्कामावर तिला वेगळा टाइप दिलेला असतो. प्रत्येक टाइप आपापल्या जागी योग्य वाटतो. फाटतं ते दोन मुक्कामांच्या सांध्यावर.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा क्वालिस या कंपनीच्या सुरक्षा संशोधकांनी जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दोषात आहे. त्यांनी त्याला 'सिकोया' हे नाव दिलं. लिनक्स कर्नल आपल्याबद्दलची बरीच माहिती 'प्रॉक' या फाइल सिस्टममधल्या फाइलींतून देतो. अशी फाइल कोणी वाचायला घेतली की कर्नल एक बफर घेऊन त्यात मजकूर रचतो. मजकूर मावला नाही तर तो बफर सोडून दुप्पट मोठा घेतो आणि पुन्हा रचायला लागतो. या बफरचा आकार साइझ-टी या टाइपमध्ये ठेवला होता, म्हणजे ६४-बिट यंत्रावर ६४ बिटांचा आणि अनसाइन्ड, कधीच उणे न होणारा. निवड अगदी बरोबर. आता प्रोसेसच्या माउंटची यादी देणारी जी फाइल आहे, तिच्यासाठी डिरेक्टरीचा पूर्ण पाथ बफरच्या शेवटापासून मागे मागे लिहीत यावं लागतं, आणि ते काम करणारं जुनं फंक्शन बफरची लांबी इंटमध्ये घेतं. एका वेळी कर्नलला दिला जाणारा पाथ ४,०९६ बाइटांच्या आत असतो, हे लक्षात घेतलं तर इंट हीसुद्धा वाजवी निवड. संशोधकांनी एकात एक डिरेक्टरी करत एकूण पाथ १ जीबीच्या पलीकडे नेला, ती डिरेक्टरी माउंट केली, मग काढून टाकली आणि माउंटची यादी वाचायला घेतली. बफर दुप्पट होत होत २ जीबीचा झाला. २ जीबी म्हणजे २,१४,७४,८३,६४८ बाइट, आणि साइन्ड इंटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा त्याहून बरोबर एकाने कमी आहे. साइझ-टीमधला आकडा इंटमध्ये शिरताना उणे २ जीबी झाला. फंक्शनने बफरच्या सुरुवातीत ही 'लांबी' मिळवून शेवट काढला, तो बफरच्या २ जीबी अलीकडे पडला, आणि डिरेक्टरी काढून टाकल्याची खूण म्हणून तिथून मागे दहा बाइट लिहिले गेले. कर्नलच्या मेमरीत, भलत्या जागी, फक्त दहा बाइट. तेवढ्या आधारावर साधा युजर रूट होऊ शकतो हे त्यांनी उबंटू, डेबियन आणि फेडोराच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनवर करून दाखवलं. हा दोष २०१४ पासून कर्नलमध्ये होता.

या प्रकरणात बिट वाचवायला गेलेला कोणीही नाही. ३२-बिट यंत्रावर साइझ-टी आणि इंट दोन्ही ३२ बिटांचे असतात. ६४-बिट यंत्रावर एक दुप्पट रुंद झाला, दुसरा तसाच राहिला, आणि सी भाषा एकातला आकडा दुसऱ्यात न विचारता ओतू देते. म्हणजे मोठ्या टाइपकडे जाण्यातूनच हा सांधा तयार झाला. याची दुरुस्ती कशी झाली, तेही बघण्यासारखं आहे. त्या पॅचने जुन्या फंक्शनमधल्या इंटला हात लावला नाही. बफर किती मोठा मागता येईल यावर एक कमाल मर्यादा घातली: २,१४,७४,७९,५५२ बाइट. हा आकडा लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. रीड किंवा राइट या कॉलमधून एका वेळी याहून जास्त बाइट जात नाहीत, ६४-बिट यंत्रावरही नाहीत. कॉल घेताना लांबी साइझ-टी असते, उत्तर देताना तिचाच साइन्ड जोडीदार असतो, कागदावर अब्जावधी जीबींची सोय असते. पण आतल्या असंख्य ड्रायव्हरांत आणि फाइल सिस्टमांत तीच लांबी इंटमध्ये फिरते, म्हणून आकडा आत सोडण्याआधीच दारात छाटला जातो. मला ही तडजोड प्रामाणिक वाटते. राशीचा प्रवास जिथवर आहे तिथवर एकच टाइप देता येत नसेल, तर वाटेतल्या सर्वांत अरुंद टाइपला पेलेल तेवढंच पहिल्या दारातून आत घ्यायचं. सिकोयाच्या वाटेवर ही छाटणी कोणी केली नव्हती, एवढाच फरक.

मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येत. कुठलाही रूळ चुकीचा नव्हता, पण एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत चढवायचा म्हटलं की मोडतोड आणि गळती तिथेच व्हायची. कर्नलच्या इंटरफेसचा इतिहास असाच गेज बदलण्याचा आहे. युनिक्स ज्या पीडीपी-११ वर वाढलं तिथे इंट १६ बिटांचा होता, आणि फाइलमध्ये पुढेमागे जायचा जुना सीक कॉल अंतर इंटमध्ये घेत असे. ६५,५३५ च्या पुढच्या बाइटवर थेट जाता येत नसे, म्हणून अंतर ५१२ बाइटांच्या ब्लॉकांत सांगायचा आडमार्ग ठेवला होता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्याची जागा एलसीकने घेतली होती, त्यात अंतर लाँगमध्ये, म्हणजे ३२ बिटांत. पुढे पॉसिक्स या मानकाने एलसीकमध्ये त्या लाँगच्या जागी ऑफ-टी हे नाव वापरलं. १९९० च्या दशकात डिस्क २ जीबीच्या पलीकडे गेल्या तेव्हा ३२-बिट सिस्टमांवर हेही अपुरं पडलं. कंपन्यांनी एकत्र बसून तोडगा काढला: जुने कॉल तसेच ठेवायचे, शेजारी ६४-बिट कॉलांचं दुसरं कुटुंब उभं करायचं, आणि कम्पाइल करताना एक मॅक्रो ठरवील की या प्रोग्रॅमपुरता ऑफ-टी किती रुंद. जुन्या प्रोग्रॅमने २ जीबीहून मोठी फाइल उघडायचा प्रयत्न केला तर चुकीची लांबी सांगण्यापेक्षा एरर द्यायची, हा त्यातला सर्वांत शहाणा भाग. पण मॅक्रोचा भाग मला आजही खटकतो, कारण त्याने एकाच नावाचे दोन अर्थ एकाच यंत्रावर नांदायला लावले.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. ऑफ-टी, वेळेसाठीचा टाइम-टी, साइझ-टी ही नावं मुद्दामच रुंदी न सांगणारी ठेवली आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने 'फाइलमधलं अंतर' एवढंच म्हणावं, किती बिट ते यंत्रावर सोडावं. हे चांगलं नाही का? सोर्स कोडपुरतं चांगलंच आहे. ओपनबीएसडीने २०१४ च्या ५.५ आवृत्तीत सगळ्या यंत्रांवर टाइम-टी एका फटक्यात ६४ बिटांचा केला. ते त्यांना जमलं, कारण कर्नल, लायब्ररी आणि प्रोग्रॅम हे सगळं तिथे एकाच झाडात असतं आणि एकत्र कम्पाइल होतं. जुने बायनरी मोडले तर मोडले, असं ते म्हणू शकतात. दोन्ही बाजू आपल्याच हातात असतील तर रुंदी न सांगणारं नाव चालतं. कर्नलच्या इंटरफेसची गोष्ट तशी नाही. तिथे दोन बाजू वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कम्पायलरने बांधलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये जातात ते फक्त बाइट. नाव सोर्समध्येच राहतं. याची किंमत किती, ते डेबियनच्या २०२४ मधल्या बदलात दिसलं. ३२-बिट एआरएमवर टाइम-टी ६४ बिटांचा करायचा तर ज्या ज्या लायब्ररीच्या हेडरमध्ये टाइम-टी डोकावतो तिचा बायनरी करार बदलणार. जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीला जोडला गेला तर स्ट्रक्टमधली पुढची सगळी फील्डं सरकणार. म्हणून शेकडो लायब्ररी पॅकेजांची नावं बदलून शेवटी 'टी-६४' जोडावं लागलं आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बांधावं लागलं. जुन्या ३२-बिट इंटेल यंत्रांसाठीची शाखा मात्र जाणूनबुजून तशीच सोडली, कारण जुने तयार बायनरी चालवणं हाच आता तिचा उपयोग.

म्हणून कर्नल आणि युजर यांच्यामधल्या स्ट्रक्टमध्ये लाँग लिहू नये, पॉइंटर लिहू नये, टाइम-टी लिहू नये. यू-३२, यू-६४, एस-६४ असे रुंदी आणि चिन्ह अंगावर लिहिलेले टाइप वापरावेत, असा आग्रह मी धरतो. पॉइंटर द्यायचाच असेल तर तो यू-६४ मध्ये ठेवावा, ३२-बिट प्रोग्रॅमसाठीही. पण एवढ्यानेही भागत नाही. एक यू-३२ आणि त्याच्यामागे एक यू-६४ असा दोनच फील्डांचा स्ट्रक्ट घ्या. ६४-बिट इंटेल यंत्रावर यू-६४ आठाच्या पटीतल्या पत्त्यावर बसतो, म्हणून मध्ये चार बाइटांचं भगदाड पडतं आणि स्ट्रक्ट १६ बाइटांचा होतो. ३२-बिट इंटेलच्या नियमांत स्ट्रक्टमधला यू-६४ चाराच्या पटीवर चालतो, म्हणून तोच स्ट्रक्ट १२ बाइटांचा. टाइप दोन्हीकडे एकच, तरी करार वेगळा. त्यात ड्रायव्हरला कमांड देणाऱ्या आयऑक्टल या कॉलच्या कमांडचा नंबर बनवताना स्ट्रक्टचा आकार त्या नंबरातच घातला जातो, म्हणजे ३२-बिट प्रोग्रॅमने पाठवलेली कमांड ६४-बिट कर्नलला ओळखूच येत नाही. मग प्रत्येक अशा कमांडसाठी कर्नलमध्ये भाषांतराचा थर लिहावा लागतो, आणि तो लिहायचा राहिला तर फक्त ३२-बिट बायनरीच बिघडतात, तपासणीत कोणाला दिसत नाही. शिवाय ते चार बाइटांचं भगदाड कर्नलने शून्याने भरलं नाही, तर त्याच्या स्टॅकवर आधी जे काही पडलं होतं ते युजरच्या हाती जातं. माहिती गळण्याचे कितीतरी दोष याच वाटेने आलेले आहेत. उपाय साधा आहे: भगदाड कम्पायलरला पाडू द्यायचं नाही, आपणच तिथे राखीव फील्ड लिहायचं, आणि युजरकडून येताना ते शून्य आहे का ते तपासायचं. तपासलं नाही तर प्रोग्रॅम तिथे कचरा पाठवत राहतात आणि पुढे ती जागा वापरायची म्हटलं तर वापरता येत नाही. फाइल उघडायच्या जुन्या ओपन कॉलमध्ये हेच झालं. अनोळखी फ्लॅग तो गुपचूप सोडून देत असे. त्यामुळे २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये ओपन-अ‍ॅट-२ आणताना फ्लॅग, मोड आणि पाथ शोधायचे नियम ही तिन्ही फील्डं सरळ यू-६४ ठेवली, स्ट्रक्टचा आकार वेगळा मागितला आणि अनोळखी बिट दिसला की एरर द्यायची असं ठरवलं.

चांगला बांधलेला इंटरफेस कसा दिसतो हे दाखवायचं तर मी २०१७ मध्ये लिनक्स ४.११ मध्ये आलेला स्टॅट-एक्स दाखवीन. जुन्या स्टॅट कॉलचा स्ट्रक्ट अनेक आर्किटेक्चरांवर वेगवेगळा, फील्डांचा क्रमसुद्धा वेगळा. स्टॅट-एक्समध्ये फाइलचा आकार यू-६४, आयनोड नंबर यू-६४, आणि वेळेचा छोटा स्ट्रक्ट असा: सेकंदांसाठी एस-६४, नॅनोसेकंदांसाठी यू-३२, आणि शेवटी ३२ बिट राखीव. सेकंद साइन्ड आहेत कारण १९७० च्या आधीच्या तारखा उणे येतात. नॅनोसेकंद कधीच उणे नसतात आणि १०० कोटींच्या आत राहतात, त्यांना ३० बिट पुरतात, म्हणून यू-३२. उरलेले चार बाइट कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. प्रत्येक फील्डमागे राशीचा विचार दिसतो, आणि सगळ्या यंत्रांवर बाइट न् बाइट तेच.

यावर दुसरा आक्षेप असा की एवढा विचार कशाला, सगळंच ६४ बिटांचं करून टाका, मेमरी स्वस्त आहे. स्ट्रक्टमध्ये बऱ्याचदा हे चालतं, पण सिस्टम कॉलचे आर्ग्युमेंट रजिस्टरांतून जातात आणि तिथे जागा मोजकी असते. ३२-बिट यंत्रावर ६४-बिट आकडा दोन रजिस्टरांत तुटतो. एआरएमसारख्या यंत्रांवर ती जोडी सम नंबराच्या रजिस्टरपासूनच सुरू व्हावी लागते. फाइलचा ठरावीक भाग डिस्कवर ढकलणाऱ्या एका कॉलमध्ये आधी फाइल डिस्क्रिप्टर, मग दोन ६४-बिट आकडे आणि शेवटी फ्लॅग असा क्रम होता. पहिल्या रजिस्टरमध्ये डिस्क्रिप्टर गेला की दुसरं वाया जातं, आणि सगळं मिळून सात रजिस्टरं लागतात. म्हणून फक्त आर्ग्युमेंटांचा क्रम बदललेला, फ्लॅग दुसऱ्या जागी आणलेला तोच कॉल नव्या नावाने वेगळा ठेवावा लागला. नॅनोसेकंदांचं उदाहरण याहून बोलकं आहे. पॉसिक्सने तिथे लाँग म्हटलं होतं. लिनक्सने ३२-बिट यंत्रांसाठी ६४-बिट वेळेचे कॉल बनवताना कर्नलच्या बाजूने ते फील्ड ६४ बिटांचं घेतलं, म्हणजे ३२-बिट आणि ६४-बिट यंत्रांवर स्ट्रक्ट एकसारखा राहील. पण ३२-बिट प्रोग्रॅमच्या लेखी तिथे ३२ बिटांचा लाँग आणि बाकी पॅडिंग आहे. त्या पॅडिंगमध्ये काय असेल याची हमी नाही. म्हणून कर्नल ३२-बिट प्रोग्रॅमकडून वेळ घेताना त्या फील्डचे वरचे ३२ बिट आधी पुसतो आणि मग किंमत वापरतो. ती एक ओळ नसती, तर एरवी अगदी योग्य असलेल्या वेळा कर्नलने अवैध म्हणून परत पाठवल्या असत्या. ज्या राशीला ३० बिट पुरतात तिला ६४ दिले आणि काम वाढलं. रुंदी ही आपोआप मिळणारी सुरक्षितता नसते.

चिन्हाचा प्रश्न रुंदीइतकाच जुना आणि त्याहून जास्त निसटता. फाइल डिस्क्रिप्टर युजरच्या बाजूला इंट आहे, उणे एक म्हणजे एरर. कर्नलच्या आत रीड आणि राइटच्या व्याख्येत तोच अनसाइन्ड इंट आहे, आणि ओपन-अ‍ॅटच्या व्याख्येत पुन्हा इंट, कारण तिथे 'चालू डिरेक्टरी' सांगायला उणे १०० हा आकडा राखून ठेवलेला आहे. हे चालतं, कारण दोन्ही ३२ बिटांचे आहेत. पण फाइलमधल्या अंतराचं बघा. ते साइन्ड ६४-बिट आहे आणि उणे अंतराला अर्थ नाही, म्हणून कर्नल ते नाकारतो. मग प्रोसेसची मेमरी फाइलसारखी वाचू देणारी फाइल आली, तिथे अंतर म्हणजे प्रत्यक्ष पत्ता, आणि पत्त्याचा सर्वांत वरचा बिट लागलेला असू शकतो. तेवढ्यासाठी 'या फाइलचं अंतर अनसाइन्ड समजा' असा खास फ्लॅग कर्नलला वागवावा लागतो. विंडोजमध्ये हीच अडचण दुसऱ्या रूपात होती. तिथे ६४-बिटवर जाताना लाँग ३२ बिटांचाच ठेवला, त्यामुळे जुन्या स्ट्रक्टांचं बरंच रक्षण झालं. त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. पण फाइलचा आकार देणारा जुना कॉल खालचे ३२ बिट उत्तर म्हणून देत असे आणि वरचे ३२ पॉइंटरमधून. एररची खूण म्हणजे उत्तरातले सगळे बिट १. खऱ्या फाइलच्या आकाराचे खालचे ३२ बिटसुद्धा तसेच असू शकतात, म्हणून ते उत्तर आलं की एरर वेगळी विचारून खात्री करावी लागे. पुढे आकार एकाच ६४-बिट आकड्यात देणारा नवा कॉल आला आणि यश-अपयश त्या आकड्यापासून वेगळं झालं.

आणि टाइप दोन्ही बाजूंनी अगदी एक लिहिला, तरी सांधा उघडा राहू शकतो. लिनक्समध्ये २००९ मध्ये एक दोष दुरुस्त झाला. काही ६४-बिट आर्किटेक्चरांवर, त्यात आयबीएमची एस-३९० आणि पॉवरपीसी होती, असा संकेत आहे की ३२-बिट आकडा रजिस्टरमध्ये ठेवताना वरचे ३२ बिट चिन्हाप्रमाणे नीट भरण्याची जबाबदारी कॉल करणाऱ्याची. एकाच प्रोग्रॅमच्या आत हे ठीक आहे. सिस्टम कॉलमध्ये कॉल करणारा म्हणजे कोणताही अनोळखी युजर, आणि कर्नलचा कम्पायलर मात्र त्याच्यावर भरवसा ठेवून कोड बनवत होता. युजरने वरच्या बिटांत कचरा घातला की तपासणी एका आकड्याची व्हायची आणि वापर दुसऱ्याचा. यावर कर्नलने प्रत्येक सिस्टम कॉलची व्याख्या एका मॅक्रोतून करायला सुरुवात केली. तो मॅक्रो आधी आर्ग्युमेंट पूर्ण रजिस्टरच्या रुंदीचं म्हणून घेतो आणि मग लिहिलेल्या टाइपमध्ये स्वतः उतरवतो. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल वाटतो. एकवाक्यता पाळणं माणसाच्या शिस्तीवर सोडलं नाही, ती दारातच यंत्राकडून करून घेतली.

मग हे कम्पायलरवरच का सोडत नाही, असं हमखास विचारलं जातं. रुंद टाइपमधून अरुंद टाइपमध्ये आकडा जाताना वॉर्निंग देणारे पर्याय जीसीसीत पूर्वीपासून आहेत. कर्नलवर ते चालू केले तर इतक्या ठिकाणी वॉर्निंग येतात की त्यातली खरी कोणती हे ओळखणं अशक्य होतं, म्हणून ते एरवी बंद ठेवावे लागतात. आणि वॉर्निंग बंद करायला माणसं जो कास्ट टाकतात, तो बऱ्याचदा दोष झाकतो. सिकोयाच्या त्या ओळीवर कास्ट असता तरी आकडा उणेच झाला असता, फक्त तो जाणूनबुजून केल्यासारखा दिसला असता. रस्ट या भाषेत न विचारता रूपांतर होत नाही, ही मोठी गोष्ट आहे, आणि कर्नलमध्ये रस्ट येतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण रस्टमधून सी-च्या फंक्शनला हात लावायचा तर त्याचा लाँग रस्टमध्येही यंत्रागणिक बदलणारा लाँगच राहतो. करार जुना असेल तर नवी भाषा त्याचं फक्त नीट वाचन करू शकते. आयऑक्टलच्या कमांड नंबरचंच बघा: पॉसिक्सच्या लेखी इंट होता, जीलिबसी या सी लायब्ररीच्या हेडरमध्ये अनसाइन्ड लाँग, मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत इंट, कर्नलच्या आत अनसाइन्ड इंट. चालतं एवढ्यासाठी की कर्नल खालचे ३२ बिटच बघतो. चौघांपैकी कोणालाही आता मागे हटता येत नाही.

३२-बिट यंत्रं संपत आली, आता ही चर्चा कशाला, असंही म्हणतात. सिकोया हा निखळ ६४-बिट यंत्राचा दोष होता, एवढं उत्तर पुरेसं आहे. शिवाय ती यंत्रं संपलेली नाहीत. मीटर, कारखान्यातले कंट्रोलर, गाड्या, नेटवर्कची उपकरणं यांत ३२-बिट एआरएम अजून बसवले जात आहेत, आणि त्यांतली बरीच १९ जानेवारी २०३८ ला कामावर असतील. त्या मंगळवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी साइन्ड ३२-बिट टाइम-टी भरतो आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जातं. ३२-बिट यंत्रांसाठी ६४-बिट वेळेचे कॉल लिनक्समध्ये २०१९ च्या ५.१ आवृत्तीत आले, जीलिबसीने २०२१ च्या २.३४ मध्ये ते वापरायचा पर्याय दिला. माउस-कीबोर्डकडून येणाऱ्या इव्हेंटच्या स्ट्रक्टची रुंदी बदलता येत नव्हती, तिथे सेकंद अनसाइन्ड मानून २१०६ पर्यंतची सोय केली. आकार तोच राहिला, म्हणून जुने प्रोग्रॅमही तसेच चालतात. पण हे सगळं नव्याने कम्पाइल होणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे. उपकरणावर नवा कर्नल चढवला तरी जुन्या टाइम-टीने बांधलेला प्रोग्रॅम जुनेच कॉल करत राहतो. तो पुन्हा बांधायला त्याचा सोर्स लागतो, त्या वेळचा कम्पायलर आणि लायब्ररी लागतात, आणि ज्या पुरवठादाराने तो लिहिला त्याचा पत्ता लागतो. पुण्या-मुंबईतच अशी उपकरणं बनवणारे आणि वापरणारे कितीतरी आहेत. कुठल्या उपकरणात कुठल्या टाइम-टीने बांधलेला प्रोग्रॅम आहे आणि त्याचा सोर्स आज कोणाच्या कपाटात आहे, ही यादी करायला कर्नलचं ज्ञान लागत नाही, आणि ती माणसं अजून नोकरीत आहेत तोवर ती करता येते.